पराभवाचा परामर्श

दर चार वर्षांनी ऑलिंपिकचे सामने आटोपले की आपल्याकडे एक ठरावीक शोकपर्व सुरू होते. एवढा अफाट देश आणि पदके इतकी थोडी का, या प्रश्नाने वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. २०२४ साली पॅरिसमध्ये भारताच्या पदरी सहा पदके पडली. त्यांत सुवर्णपदक एकही नव्हते, आणि चौथ्या क्रमांकावर आपण सहा वेळा थबकलो. मग कोणी दैवाला बोल लावला, कोणी पंचांना, कोणी आपल्या आहाराला, तर कोणी मुलांना पुस्तकांशी जखडून ठेवणाऱ्या आईबापांना. पंधरा दिवसांत हा शोक ओसरतो आणि पुढच्या ऑलिंपिकपर्यंत सर्वत्र सामसूम होते. पराभवापेक्षाही आम्हांला हा शोक अधिक चिंत्य वाटतो. पराभव हा आरसा आहे असे मानले, तर त्यात स्वतःचे तोंड पाहण्याऐवजी आरशाच्या चौकटीला नावे ठेवण्याची आपली सवय जुनी आहे.

ही सवय किती जुनी, हे पाहण्यासाठी आम्हां सीमाभागातल्या वाचकांना फार दूर जावे लागत नाही. भारताचा पहिला रीतसर संघ १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला, आणि त्या सहा जणांच्या संघात आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुळांतली तरुण मुले अनवाणी धावली होती. त्यांना कोणी शास्त्रशुद्ध शिक्षण दिले नव्हते. तरीही त्यांचा वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास पोहोचतो, हे जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानात आले. त्यांच्या पुढाकाराने पैशाची जुळवाजुळव झाली आणि हा संघ बोटीने विलायतेला निघाला.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब पल्ल्याची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनला २ तास ३२ मिनिटे लागली होती. या दोन माणसांमधले सुमारे १८ मिनिटांचे अंतर कशाचे होते? पायांच्या बळाचा वाटा त्यात असेलच. तथापि तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. कोलेमाइनेनचे भाऊही धावपटू होते, १९१२ सालीच त्याने स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळवली होती, आणि त्याच्यामागे लांब पल्ल्याच्या धावण्याचे शास्त्र बनवू पाहणारा एक समाज उभा होता. हा समाज कोणा बलाढ्य साम्राज्याचा नव्हता. फिनलंडला स्वातंत्र्य मिळाले ते १९१७ साली. देश लहान, थंडीने गारठलेला, सुबत्ता बेताची. तेव्हा पारतंत्र्य आणि दारिद्र्य या दोन सबबी आपण पुढे करतो, त्या खोट्या नसल्या तरी पुऱ्या नाहीत. त्याच १९२० साली आपले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, याचीही येथेच नोंद करून ठेवू. चौथ्या क्रमांकाशी आपला घरोबा तेव्हापासूनचा आहे.

आता कुस्तीकडे वळू. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर या टापूत जत्रेतला कुस्तीचा फड हा देवाच्या पालखीइतकाच मानाचा. हलगी कडाडते, लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून आखाडा मळलेला असतो, नारळावरच्या कुस्त्यांपासून दिवस चढत जातो आणि शेवटच्या जोडीसाठी माणसे झाडांवर चढून बसतात. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधून १९१२ साली ते कुस्तीला खुले केले, ते या लोकप्रेमाला दिलेले दगडी रूप होय. एवढे वैभव असताना, जागतिक आखाड्यात पहिले पदक मिळायला १९५२ साल का उजाडावे लागले? कारण जगाची कुस्ती मातीवरून गादीवर गेली होती. मातीत पाठ टेकवली की निकाल. दम धरून, खडाखडी करून प्रतिस्पर्ध्याला थकवायला तेथे वेळ असतो. गादीवर घड्याळ चालते, गुण मोजले जातात, वर्तुळ आखलेले असते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा या गादीशी त्यांचा परिचय नवाच होता. तरीही ते सहावे आले. मल्लविद्येची कमतरता आपल्याकडे नव्हती. बदललेल्या नियमांनुसार स्वतःला बदलण्याची तयारी मात्र कमी होती. आपला वारसा थोर आहे, या समाधानात तो वारसा आज कोठे उभा आहे हे पाहायचे आपण विसरतो.

हेलसिंकीची कथा तर पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे. मात्र ती ज्या सुरात सांगितली जाते त्या सुराला आमचा आक्षेप आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. जपानच्या शोहाची इशिई याच्याशी दीर्घ झुंज झाल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला खाशाबांना बोलावण्यात आले. नियमाप्रमाणे मधे विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, अशी हकिकत सांगतात. थकलेल्या खाशाबांच्या हाती कांस्यपदक आले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर घेतलेले पैसे फेडण्यासाठी या ऑलिंपिकवीराने कुस्त्यांची मैदाने भरवली.

ही कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात ते खर्डेकरांच्या त्यागाने. तो त्याग वंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागावे, ही गोष्ट एका राष्ट्राने लाजेने सांगावयाची की अभिमानाने? आम्हांला वाटते, येथेच आपल्या स्वभावाची नस सापडते. आपल्याला त्यागाची पूजा करता येते. तो त्याग अनावश्यक ठरावा अशी व्यवस्था करता येत नाही. बैलगाड्या जुंपायला सारा गाव धावतो. विश्रांतीचा नियम वाचून पंचांसमोर उभा राहणारा एक माणूस पाठवावा, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे चौथे आले. त्यांच्यासाठी बैलगाड्या नव्हत्या, आणि आज त्यांचे नाव सांगणारेही फार उरले नाहीत. तिसऱ्याला डोक्यावर घ्यावे आणि चौथ्याला विसरावे, या रीतीत पाचवा तयार कसा व्हायचा? खाशाबांची गतही याहून फार निराळी झाली नाही. पोलीस खात्यात त्यांनी नोकरी केली, १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. उशिरा केलेला सत्कार हा सत्कार करणाऱ्याच्याच समाधानासाठी असतो.

हा दोष कुस्तीपुरता किंवा मराठी मुलखापुरता आहे असे आमच्या कोंकणी वाचकांनी समजू नये. १९५६ साली मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे गोव्यातल्या आसगावचे. भारताने तो सामना ४–२ असा जिंकून उपान्त्य फेरी गाठली, पुढचे दोन सामने गमावले, आणि फुटबॉलचा संघही चौथा आला. १९६० सालच्या रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही. मेलबर्नचा चौथा क्रमांक ही चढणीची पायरी ठरायला हवी होती. आपण तिला शिखर समजून तेथेच बसकण मारली आणि मग उताराला लागलो.

आमच्या सीमाभागात या राष्ट्रीय दोषाला आणखी एक पदर जोडला जातो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि हा मुलूख कोणाचा या वादात पिढ्या खर्ची पडल्या. तो वाद येथे उकरण्याचा आमचा हेतू नाही. तथापि निपाणीची वस्ती संपते तेथे अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात उभे आहे, आणि त्यात शिकणारा निपाणीचा मुलगा कर्नाटकाचा रहिवासी आहे. तो तालीम करायला कोल्हापूरकडे पाहतो, निवडीसाठी त्याचे कागद बंगळूरकडे जातात. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या आईच्या मुलाला खुराक कोणी द्यायचा, याचे उत्तर दोन्ही राजधान्यांपासून सारखेच दूर असते. अशा मुलाने उद्या पदक आणले तर त्याच्या सत्काराला दोन्हीकडचे मंत्री येतील, याविषयी आम्ही निःशंक आहोत. ‘हा आमचा’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला घडवण्यातून मिळतो, ही साधी गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंना उमगलेली दिसत नाही. आणि यात आम्ही नागरिक निर्दोष आहोत असे नव्हे. जत्रेच्या शेवटच्या कुस्तीला हजारोंचे इनाम लावणारे आमचे गाव तालमीच्या गळक्या छपराला वर्गणी देताना हात आखडता घेते.

मग सारेच अंधारलेले आहे काय? तसे नाही. बेळगावचे बंडू पाटील १९६४ साली टोकियोत सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघात होते. बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कोवळ्या वयाच्या मुलांना निवडून त्यांच्या शिक्षणाची, आहाराची आणि सरावाची एकत्र सोय केली जाते. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले ते त्यांच्यामुळे. ते लहान वयात क्रीडाप्रबोधिनीत दाखल झाले आणि पुढे रेल्वेच्या नोकरीने त्यांच्या पोटाची चिंता मिटली. क्रीडाप्रबोधिनी असो, पलटण असो की रेल्वे असो, रोजच्या जेवणाची, रोजच्या सरावाची आणि उद्याच्या भाकरीची हमी जेथे मिळाली, तेथे आपल्याच मातीतली माणसे जगाच्या बरोबरीने उभी राहिली. आपल्या रक्तात खेळ नाही, या रडगाण्याला याहून चोख उत्तर नको.

यावर कोणी म्हणेल, पदकांनी का राष्ट्राची उंची मोजायची? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पदकांची यादी ही संस्कृतीची यादी नव्हे. पुष्कळ पदके मिळवूनही आपल्या माणसांना गुलामासारखे वागवणारी राज्ये विसाव्या शतकाने पाहिली आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, मैदानावर जे घडते तेच शाळेत, इस्पितळात, ग्रंथालयात घडत असते. फक्त तेथे घड्याळ लावलेले नसते आणि क्रमांक पुकारला जात नाही. गावातली शाळा एखाद्या हाडाच्या मास्तरावर चालते आणि तो निवृत्त झाला की खचते. वाचनालय एका वेड्या माणसाच्या हयातीपुरते जगते. खेळातला पराभव आकड्यांत मांडता येतो म्हणून तो झोंबतो. बाकीच्या ठिकाणी आपण चौथे आहोत की चाळिसावे, हे आपल्याला कळतही नाही.

म्हणून पुढच्या शोकपर्वात आपण दैवाचा उल्लेख वगळून पाहावा, अशी आमची सूचना आहे. तिच्याबरोबर एक लहानसे कामही करता येईल. आपल्या गावच्या तालमीत जाऊन तेथे गादी आहे काय, ती पावसाळ्यात कोरडी राहते काय, आणि पोरांना दूध कोण पुरवतो, एवढे विचारून यावे. फडेप्पा चौगुले अनवाणी पायांनी जेथवर पोहोचले, तेथून पुढचा रस्ता त्यांच्या एकट्याच्या पायांचा नव्हता. तो आपण शंभर वर्षांत किती बांधला, याचा हिशेब पॅरिसला किंवा लॉस एंजेलिसला मांडायचा नसून बेळगावात आणि निपाणीतच मांडायचा आहे.