परवाना मालकाचा, पहारा रखवालदाराचा

'खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५' हा मूलतः परवान्याचा कायदा आहे आणि हीच त्याची मर्यादा होय. (गुप्तहेर तर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले, त्यांच्यासाठीचे २००७ चे विधेयक संमत झालेच नाही.) रखवालदाराचे वय १८ ते ६५ असावे, त्याच्या चारित्र्याची पडताळणी व्हावी, २००६ च्या आदर्श नियमांनुसार त्याला १०० तासांचे वर्गशिक्षण व ६० तासांचे क्षेत्रशिक्षण मिळावे, हे सारे काटेकोरपणे नमूद आहे. वेतनाविषयी मात्र अधिनियम स्वतः मौन पाळतो. परिशिष्टातील कामगार कायद्यांचा भंग झाल्यास मालकाचा परवाना रद्द होऊ शकतो, एवढेच. पण परवाना गेला की रखवालदाराची नोकरीही धोक्यात येते. मग तक्रार करणार कोण?

महाराष्ट्राने १९८१ च्या अधिनियमात हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला होता. मंडळाकडे खुद्द रखवालदाराची नोंदणी, मंडळामार्फत वेतन, आणि सूट द्यायची तर लाभ कमी प्रतीचे नसावेत ही अट. रखवालदाराला प्रथम कामगार मानणारी ही रचना डोळ्यांसमोर असूनही केंद्रीय कायद्याने तिचे अनुकरण केले नाही, ही बाब खटकते.