कुंकवाचा करडा रंग

१९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. चित्रपटाचं नाव ज्या वस्तूवरून, तिची सगळी ओळख रंगात. आणि चित्रपटात तो रंग औषधालाही नाही. नीराच्या, म्हणजे शांता आपटेंच्या, कपाळावर दिसतो तो फक्त एक गडद ठिपका. तरीही 'कुंकू' पाहून आलेल्या कुणी त्या ठिपक्याला काळा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तो लालच असतो, कारण ती लाली आपण घरून घेऊन आलेलो असतो.

कृष्णधवल चित्रपटांचं आणि फोटोंचं आकर्षण अजून का टिकून आहे, या प्रश्नाला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे स्मरणरंजन. जुनं ते सोनं, गेले ते दिवस वगैरे. मला हे उत्तर पटत नाही आणि त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. माझा जन्म नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. आमच्या बारशाचे, मुंजीचे, सहलींचे फोटो रंगीत रोलवरचे, फ्लॅशमुळे डोळे लाल झालेले. आमच्या घरचा टीव्ही रंगीत. करड्या रंगाशी माझ्या पिढीची कसलीही बालपणीची आठवण जोडलेली नाही. मग 'संत तुकाराम' किंवा 'जगाच्या पाठीवर' पाहताना मला जे जाणवतं, ते हरवलेल्या दिवसांचं दुःख कसं असेल? ते दिवस माझे नव्हतेच.

दुसरं उत्तर असतं की कृष्णधवल 'जास्त खरं' वाटतं. हेही तपासून पाहायला हवं, कारण तांत्रिक अर्थाने कृष्णधवल चित्र रंगीत चित्रापेक्षा कमी सांगतं. डिजिटल चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे साठवलेले असतात: लाल, हिरवा आणि निळा. चित्र कृष्णधवल करायचं तर या तिघांतून एकच आकडा काढायचा. टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं सूत्र असं, की लालाचे साधारण ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ घ्यायचे, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्याची उजळी सगळ्यांत जास्त जाणवते. ० ते २५५ च्या पट्टीवर शुद्ध लाल, २५५, घेतला तर हाती येतो ७६, म्हणजे बऱ्यापैकी गडद करडा. आता लाल आणि निळा शून्य ठेवून हिरवा १३० घ्या. उत्तर पुन्हा ७६. म्हणजे कपाळावरचं कुंकू आणि हातातला हिरवा चुडा, सौभाग्याच्या या दोन्ही खुणा कृष्णधवल चित्रात एकाच करड्यात जाऊन मिळू शकतात. फिल्मचं रसायन या सूत्राने चालत नाही, प्रत्येक फिल्मची रंगांबद्दलची संवेदना वेगळी असते. सुरुवातीच्या काळातल्या काचा आणि फिल्म तर लाल रंगाला जवळजवळ आंधळ्याच होत्या. त्यांच्यावर कुंकू डांबरासारखं उमटे. पण तत्त्व तेच. किती उजेड आला याची नोंद राहते. तो कुठल्या रंगाचा होता, ते कायमचं जातं.

गेलेली ही माहिती परत आणता येत नाही. ७६ या आकड्यावरून मूळ वस्तू लाल होती की हिरवी, हे जगातला कुठलाही संगणक गणिताने सांगू शकणार नाही. तो फक्त अंदाज करू शकतो. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन, कारण आज भांडण तिथेच आहे.

आधी 'कुंकू'कडे. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. मामाने फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानायला नकार देते. हा नवरा, केशवराव दात्यांनी केलेले काकासाहेब, खलनायक नाही. चांगल्या घरातला, शिकलेला वकील आहे. दोघांमधली दरी चित्रपट आपल्याला मुख्यतः उजेड-अंधारातून दाखवतो. तिचे काळेभोर केस, त्याचे पिकलेले. कृष्णधवल चित्रपटात काळं आणि पांढरं यांपलीकडे फार भांडवलच नसतं, आणि इथे गोष्टही नेमकी त्याच दोन रंगांची, तारुण्याची आणि वार्धक्याची. फुटलेल्या आरशात काकासाहेबांना स्वतःचाच चेहरा वेडावतो तो प्रसंग पाहा. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक पाहा. नजर रेंगाळावी असा एकही शालू, एकही रंगवलेली भिंत तिथे नाही. चेहरा, काच आणि वेळ.

यावर कुणी म्हणेल, की शांतारामबापूंना रंग मिळालाच नव्हता, मग त्यात कौतुक कसलं? बरोबर आहे. प्रभातला रंग हवाही होता. १९३३ च्या 'सैरंध्री'साठी त्यांनी जर्मनीत जाऊन रंगाचा खटाटोप केला आणि तो फसला. 'कुंकू'च्याच वर्षी, १९३७ मध्ये, आर्देशीर इराणींचा 'किसान कन्या' रंगीत होऊन आला. म्हणजे करडा रंग ही तेव्हा गरिबी होती. पण 'कुंकू'मध्ये शांताराम यांनी आणखी एक गोष्ट वगळली, जी हाताशी होती: पार्श्वसंगीत. प्रसंगात जे वाजतं, बोलतं, खडखडतं, तेवढंच ऐकू येतं. संगीत ही प्रभातची मोठी ताकद होती, तरी ते बाजूला ठेवलं. ज्याने आवाजाच्या बाबतीत कमी देणं स्वतःहून निवडलं, त्याला चित्राच्या बाबतीतल्या सक्तीच्या कमीचं काय करायचं हेही कळलं होतं, असं मी म्हणेन. स्टीव्हन स्पीलबर्गने 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये (१९९३) कृष्णधवल गर्दीत एका छोट्या मुलीच्या कोटाला लाल रंग दिला, आणि तो लाल प्रेक्षक विसरत नाही. 'कुंकू'तला लाल त्याच्याही पुढे जातो. तो दाखवावाच लागत नाही.

याच शांताराम यांनी पुढे 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा रंगांचा उत्सव केला. त्याच्या यशानंतर दोनच वर्षांनी आलेला 'दो आँखें बारह हाथ' मात्र कृष्णधवल. त्यानंतर 'नवरंग' पुन्हा रंगीत. म्हणजे 'आधी करडा, मग प्रगती झाली आणि रंग आला' असा सरळ जिना निदान या एका माणसाच्या कामात तरी सापडत नाही.

मराठीत याहून चांगली तुलना दोन मास्तरांची करता येते. १९७२ चा शांताराम यांचाच 'पिंजरा' आणि १९७४ चा जब्बार पटेलांचा 'सामना'. दोन्हीकडे डॉ. श्रीराम लागू, दोन्हीकडे निळू फुले, दोन्हीकडे आदर्शवादी मास्तराचं पतन. 'पिंजरा' रंगीत आहे आणि त्याला रंग हवाच आहे, कारण गुरुजींना भुलवणारं जे आहे ते रंगातच आहे: संध्याचे शालू, तमाशाचा फड, जरीचा झगमगाट. रंग काढला तर प्रेक्षकाला मोहच समजणार नाही. 'सामना'तला मास्तर मात्र आधीच मोडलेला, दारूत बुडालेला आहे. हिंदुराव धोंडे-पाटलाच्या साम्राज्यात तो भटकत येतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाबद्दल एक साधा प्रश्न विचारत राहतो. इथे मोह नाही, चौकशी आहे. चौकशीला डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरची आठी, उत्तर टाळताना ओठांची होणारी हालचाल पुरते. तेंडुलकरांची ही पटकथा रंगात चित्रित झाली असती, तर पाटलाचा वाडा डोळ्यात भरला असता आणि मारुती कांबळे मागे पडला असता, असं मला वाटतं.

पटेलांच्याच 'सिंहासन'कडे (१९७९) पाहिलं तर स्मरणरंजनाचा मुद्दा पुरताच निकालात निघतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, स्मगलर अशा सगळ्यांमधून फिरतो, आणि त्यांच्यामध्ये निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. आज आपल्याला तो 'जुन्या काळातला' दिसतो. पण १९७९ च्या प्रेक्षकासाठी करडा हा वर्तमानाचा रंग होता. सकाळचा पेपर काळापांढरा. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, तेही काळंपांढरं. देशात टीव्हीला रंग आला १९८२ मध्ये. पुढाऱ्यांचे चेहरे लोकांना रोज दिसत ते याच छटांमध्ये. रंगीत होती ती स्वप्नं, हिंदी सिनेमातली काश्मीरची गाणी. त्यामुळे 'सिंहासन' पाहताना प्रेक्षकाला बातमी पाहिल्यासारखं वाटलं असणार. शिवाय सगळे पुढारी पांढऱ्या कपड्यांत. रंगीत चित्रपटात पांढरा हा अनेक रंगांपैकी एक. इथे तो पडद्यावरचा सर्वांत जास्त उजेड आहे, आणि तो त्या माणसांच्या अंगावर आहे. याहून बोचरी टीका संवादात लिहिता आली नसती.

आता भांडणाकडे. विलेपार्ले पूर्वेला, आम्ही राहतो त्या भागात, जुन्या तीन मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. घरं रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यांतून फोटो निघतात. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी त्यांच्या आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो टाकला, फोनवरच्या अ‍ॅपने रंगवलेला. वधूचा शालू निळसर झाला होता. सगळ्यांनी अंगठे दिले. दोन दिवसांनी काकांच्या आत्याने, त्या नव्वदीच्या आहेत, तो पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, शालू डाळिंबी होता. मीच तर मागे उभी होते, पदर सांभाळत." काकांनी हसून विषय संपवला. ग्रुपवर निळा शालूच राहिला.

अ‍ॅपचं काय चुकलं? त्याच्या दृष्टीने काहीच नाही. लाखो रंगीत चित्रं पाहून ते शिकलेलं असतं, की अशा आकाराच्या, अशा करड्या भागाला बहुधा कुठला रंग असतो. आकाश निळं, गवत हिरवं, हे बरोबर येतं. शालूचं तसं नाही. तो कुणी कुणासाठी पसंत केलेला असतो. त्याची सरासरी काढता येत नाही. वाईट म्हणजे हा अंदाज खात्रीच्या चेहऱ्याने समोर येतो. करडा फोटो पाहून नातवंडं विचारतात, "शालू कुठल्या रंगाचा होता?" रंगवलेला फोटो पाहून कुणी विचारत नाही. आत्या आहेत तोवर दोन साक्षी आहेत. नंतर अ‍ॅपची एकच उरेल.

पूर्वीही फोटो रंगवत असत. माझ्या पणजीच्या स्टुडिओतल्या फोटोवर रंगाऱ्याने ब्रशने कुंकू लाल केलं आहे आणि काठाला थोडा पिवळा दिला आहे. बाकी सगळं तसंच. तो रंग वरून दिलाय हे लहान पोरालाही दिसतं, आणि रंगाऱ्याला निदान विचारण्याची सोय होती. त्याने फोटोला दागिना घातला, साक्ष बदलली नाही.

चित्रपटांच्या बाबतीतही हाच फरक करावा लागेल. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. त्याला निदान एक आधार होता: के. आसिफना तो रंगीत करायची इच्छा होती आणि शीशमहालाचं गाणं १९६० मध्येच रंगीत होतं. उद्या कुणी 'कुंकू' रंगवला, आणि आता ते काम घरबसल्या होतं, तर नीराच्या कपाळावर अचूक लाल टिळा येईल. कुंकू लाल असतं हे यंत्राला ठाऊक असणारच. आणि तरीही काहीतरी जाईल. आज तो लाल प्रत्येक पाहणारी आपल्या आईच्या, आजीच्या कपाळावरून आणते. कुणी तो लावायचं सोडलं म्हणून आणते, कुणाकडून तो पुसून घेतला म्हणून. हे सगळे लाल एकमेकांसारखे नसतात. पडद्यावर एकच लाल आला, की ते परत जातील.

माझ्या मते कृष्णधवलाचं आकर्षण टिकतं ते इथे. ते चित्र उजेडाचा पूर्ण हिशोब देतं आणि रंगाचा रकाना आपल्यासाठी कोरा सोडतं. म्हणूनच फोनवर आधी रंगीत काढून मागाहून करड्या केलेल्या बहुतेक फोटोंत ते जाणवत नाही. तिथे काहीच सोडलेलं नसतं, नुसतं पुसलेलं असतं. उजेड कुठून येतो, चेहरा भिंतीपासून सुटा दिसतो का, याचा विचार काढतानाच झालेला असावा लागतो.

टिकण्याचा एक अगदी शब्दशः अर्थही आहे. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते. नीट धुतली, नीट ठेवली तर ती शंभर वर्षं ओळखीची राहते. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं मात्र विटतात. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रंगीत प्रिंट आज नुसत्या गुलाबी-तांबूस उरल्या आहेत. अर्थात चांदीलाही आग चुकत नाही. प्रभातच्या काळातली फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. २००३ मध्ये पुण्याला, जिथे कधीकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातचेही चित्रपट होते.

म्हणून आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी संगणकाची ताकद लावायचीच, तर ओरखडे काढायला, थरथरणारी चौकट स्थिर करायला, पुसट झालेल्या करड्या छटा एकमेकींपासून पुन्हा वेगळ्या करायला लावावी. यातली बरीच माहिती फिल्मवर अजून शिल्लक आहे. ती शोधायची आहे, कल्पनेने भरायची नाही. रंग भरायचं काम प्रेक्षक पंचाऐंशीहून अधिक वर्षं बिनतक्रार करत आला आहे. त्याच्या हातून ते काढून घेण्याइतकं त्याने काही बिघडवलेलं नाही.