प्लगइन व्यवस्थापकातील बहुस्रोत पद्धती : एक चिकित्सा

माईनक्राफ्टसारख्या खेळाचा सर्व्हर चालविणाऱ्यास प्लगइन, म्हणजे मूळ सर्व्हरला जोडावयाच्या छोट्या आज्ञावल्या, सतत अद्ययावत ठेवाव्या लागतात. हे काम करणारा प्लगइन व्यवस्थापक ग्रंथपालासारखा असतो. संग्रहात काय आहे ते तो पाहतो, बाहेरील नव्या आवृत्तीशी ताडतो आणि ती मागवून घेतो. आरंभीच्या अशा व्यवस्थापकांपैकी काहींची मागणी एकाच दुकानाकडे जात असे. स्पिगॉट, बुक्किट, हँगार, मॉडरिंथ आणि गिटहब अशा अनेक स्रोतांची सोय करणे ही सुधारणा मानली जाते. ती कोणत्या अर्थाने सुधारणा आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

एकस्रोती व्यवस्थेची मर्यादा सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट झाली. एका प्रमुख सहलेखकाच्या प्रताधिकार-तक्रारीनंतर क्राफ्टबुक्किट या सर्व्हर-आज्ञावलीचे वितरण थांबले. स्पिगॉटलाही तयार फाइल देणे सोडून, वापरकर्त्याने ती स्वतःच्या संगणकावर बांधून घ्यावी यासाठी बिल्डटूल्स हे साधन पुढे आणावे लागले. एक दार बंद झाल्यास दुसरे असावे, हा युक्तिवाद येथे निर्विवाद आहे.

परंतु दारे वाढली की आत येणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम वाढते, आणि बहुस्रोत पद्धतीचे समर्थक नेमके येथेच घाईने पुढे जातात. प्लगइनचे नाव व आवृत्ती त्याच्या फाइलमधील प्लगइन.वायएमएल या नोंदीत असते. संकेतस्थळावरील नाव त्याहून वेगळे असू शकते. एका ठिकाणी ‘5.4’, दुसरीकडे ‘5.4.0’ असे लिहिलेले असते. स्पिगॉटवरील काही नोंदी तर केवळ अन्यत्र बोट दाखवितात. फाइल तेथे नसतेच. अशा स्थितीत ‘जेथे सर्वांत नवा क्रमांक, तेथून घ्या’ हा नियम सोयीचा वाटला तरी घातक आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये सुरक्षा-संशोधक अलेक्स बिरसन यांनी हेच सिद्ध केले. कंपन्यांच्या खासगी आज्ञावल्यांच्या नावाने त्यांनी सार्वजनिक भांडारांत चढ्या क्रमांकाची आवृत्ती ठेवली आणि अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट यांसह पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत ती शिरली. त्या यंत्रणांना स्रोत अनेक होते. त्यांचा अग्रक्रम मात्र कोणी ठरविलेला नव्हता.

जून 2023 मधील ‘फ्रॅक्चरायझर’ प्रकरण आणखी अंतर्मुख करणारे आहे. कर्सफोर्ज व बुक्किटवरील काही खाती बळकावून त्यांतून दूषित फाइली वितरित झाल्या, आणि त्या संगणकावरील इतर जार फाइलींनाही बाधित करीत होत्या. नाव खरे, लेखक खरा, ठिकाणही परिचित. आशय तेवढा बदललेला.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी जुन्नर तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण उपयुक्त ठरते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. परंतु चित्र तयार होते ते त्यांच्या संख्येमुळेच असे नव्हे. प्रत्येक अँटेनाचा संकेत प्रकाशीय तंतूंद्वारे मध्यवर्ती यंत्रणेकडे येतो, त्यातील विलंब दुरुस्त केला जातो आणि मगच परस्परांशी ताडला जातो. व्यवस्थापकाच्या रचनेत हे ताडणेच बहुधा नसते. मॉडरिंथ प्रत्येक फाइलसोबत ‘शा-512’ हा ठसा देते. तो जुळविणे ही काही ओळींची बाब आहे. अर्थात ठसा लेखकाच्या बळकावलेल्या खात्यातूनच आला असेल तर तोही व्यर्थ. म्हणून प्रत्येक प्लगइनसाठी मूळ स्रोत एकच निश्चित करावा, इतर स्रोतांकडून केवळ त्याच ठशाची फाइल स्वीकारावी आणि नवी आवृत्ती काही दिवस थांबवून घ्यावी, ही रचना अधिक समर्थनीय वाटते.

जुन्नर, घोडेगाव वा मंचरच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी असा व्यवस्थापक अभ्यासासाठी लिहावयाचे ठरविल्यास, पहिला स्रोत म्हणून प्रयोगशाळेच्याच संगणकावरील तपासलेल्या फाइलींचे एक दप्तर ठेवता येईल. जोडणी तुटली तरी ते उपलब्ध राहते आणि कोणती फाइल कोठून, केव्हा आली याची नोंदही तेथेच होते.