मागील बाकी

लहानपणी दिवाळीत फटाक्यांच्या खालोखाल मला कौतुक होतं ते आमच्या वाण्याच्या नव्या वहीचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो लाल कापडी बांधणीची कोरी करकरीत चोपडी उघडायचा, पहिल्या पानावर कुंकवानं 'श्री' काढायचा आणि आम्हा पोरांच्या हातावर बत्तासे ठेवायचा. मला वाटायचं, वही नवी म्हणजे आपली उधारीही संपली. एका दिवाळीला ही आनंदवार्ता मी वडिलांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "गाढवा, 'श्री'च्या खालची ओळ वाच." खालच्या ओळीत लिहिलं होतं : मागील बाकी.

हे सगळं आठवायचं कारण सुपरमॅन.

झालं असं, की परवा आमचे नातू जेवताना म्हणाले, "आजोबा, डीसीवाल्यांनी सगळं परत रीस्टार्ट करायला पाहिजे." माझा कॉम्प्युटर अडला की तो मला हाच उपाय सांगतो, त्यामुळे मला आधी वाटलं, कुणाचं तरी मशीन बिघडलंय. मग उलगडा झाला. डीसी ही अमेरिकेतली सुपरमॅन-बॅटमॅनचे अंक काढणारी कंपनी. सुपरमॅन 1938 सालचा, बॅटमॅन 1939 चा. तेव्हापासून यांची गोष्ट 'क्रमशः' चालूच आहे. नातवाची तक्रार अशी, की एवढ्या पसाऱ्यात नव्या वाचकानं शिरायचं कुठून? तेव्हा कंपनीनं एकदा पाटी पुसावी आणि श्रीगणेशा करावा.

ऐकायला हे रास्त वाटतं. मलाही वाटलं. पण मी पडलो पेन्शनर. वेळ मुबलक आणि पाऊस लागलेला. नातवाचा गठ्ठा उशाशी घेतला आणि वाचत सुटलो. तेव्हा कळलं, की ही पाटी आजवर इतक्यांदा पुसलीय की तिचा काळा रंग जायला आलाय.

मूळ दुखणं वयाचं. 1938 साली जो नोकरीला लागलेला बाप्या होता, तो आज शंभरी ओलांडून बसायला हवा. पण चित्रात बघावं तर केसाची बट कपाळावर तशीच! यावर पहिला तोडगा 1961 साली निघाला. 'फ्लॅश' नावाचा एक वाऱ्याच्या वेगानं पळणारा नायक 1940 पासून होता. 1956 साली त्याच नावाचा दुसरा आणला. मग पहिल्याचं काय? तर म्हणे पृथ्व्या दोन आहेत. जुने लोक त्या पृथ्वीवर, नवे या पृथ्वीवर. आपल्याकडे सासू-सुनेचं पटेना की वरचा मजला बांधतात, त्यातलाच हा प्रकार. त्या दुसऱ्या पृथ्वीवर सगळी माणसं माणसांसारखी वागत. सुपरमॅनचे केस पांढरे झाले, बॅटमॅननं चक्क कॅटवूमनशी लग्न केलं, त्यांना मुलगीही झाली. मला तर तेच बिऱ्हाड जास्त आवडलं.

पण मजल्यावर मजले चढत गेले, पृथ्व्या मोजता येईनात. तेव्हा 1985 साली, कंपनीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मार्व्ह वोल्फमन या लेखकानं आणि जॉर्ज पेरेझ या चित्रकारानं 12 अंकांचा एक प्रलय मांडला. पृथ्व्या पटापट पुसल्या गेल्या आणि उरली एक. पेरेझची चित्रं बघून छाती दडपते. एकेका पानावर इतकी माणसं, की आमच्या गिरगावातला गणपतीचा शेवटचा दिवस आठवावा. या प्रलयात सुपरगर्ल, म्हणजे सुपरमॅनची चुलत बहीण, त्याला वाचवताना मरते. मी चष्मा काढून पुसला. पाऊस होता, काचेवर दमट आलं असेल.

पण खरा घाव पुढे आहे. पाटी पुसल्यावर नव्या इतिहासात सुपरमॅन हा त्याच्या ग्रहाचा एकटाच वारस ठरला. म्हणजे बहीण मुळी नव्हतीच! जी कधी नव्हती ती मरणार कशी? तिचं जगणं गेलं ते गेलंच, मरणही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढे काही वर्षांनी अ‍ॅलन ब्रेनर्ट नावाच्या लेखकानं नाताळच्या एका अंकात थोडक्या पानांची एक गोष्ट लिहिली. त्यात डेडमन नावाचं एक भूत, आपलं भलं काम कुणाला दिसत नाही म्हणून कुरकुरत असतं. त्याला एक मुलगी भेटते आणि समजावते, की कुणी आठवो न आठवो, काम करायचं. जाताना ती आपलं नाव सांगते. त्या भुताला त्या नावाचा अर्थ कळत नाही. वाचकाला कळतो. प्रलयाच्या 12 अंकांपेक्षा मला ही छोटी गोष्ट मोठी वाटली. कंपनीनं खोडलेली बाकी एका लेखकानं गुपचूप वहीत परत मांडली होती.

बरं, एवढं करून घर आवरलं का? नाव नको! 1994 साली पुन्हा झाडू. त्या खेपेला अंकांचे आकडे उलटे, चारापासून शून्यापर्यंत. 2011 साली तर सगळ्याच मासिकांचं बारसं नव्यानं झालं. एका महिन्यात 52 पहिले अंक! 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' हे सुपरमॅनचं मूळ मासिक 904 अंकांवर पोचलं होतं, तेही पुन्हा 1 पासून. सुपरमॅनचं 1996 साली झालेलं लग्न रद्द. त्याची ती जगप्रसिद्ध बाहेरून घालायची लाल चड्डीही गेली. सगळे अतिमानव प्रकट होऊन म्हणे जेमतेम 5 वर्षं झालीत. आणि तिकडे बॅटमॅनचा रॉबिन चौथा, शिवाय तो त्याचा पोटचा, चांगला दहा वर्षांचा मुलगा! हा हिशेब मी नातवाला विचारला. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही इतकं लॉजिक लावू नका." मग रीस्टार्ट कशाला, बाळा?

खप सुरुवातीला धो धो वाढला म्हणतात. वाढणारच. नव्या हॉटेलात पहिला आठवडा गर्दी असतेच. मग तो ओसरला आणि 2016 साली लग्न झालेला, पोर असलेला सुपरमॅन परत आणावा लागला. 2018 साली लाल चड्डीही परत आली. आणि सर्वांत गंमत 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या आकड्याची. नव्या मोजणीचे 52 अंक झाल्यावर पुढचा अंक निघाला तो 957 वा. वाचकहो, बेरीज करून बघा. 904 अधिक 52. आमच्या वाण्यानं पाहिलं असतं तर कंपनीला बत्तासे दिले असते. मागील बाकी पैन् पै पुढे ओढली होती.

शेजारच्या मार्व्हल कंपनीनं युक्ती वेगळी केली. तिथं पाटी पुसत नाहीत, घड्याळच पुढे सरकवतात. आयर्न मॅन 1963 साली जखमी झाला तो व्हिएतनाममध्ये. पुढे ते युद्ध जुनं झालं तशी त्याची जखम नव्या नव्या युद्धांत सरकत गेली. पण मोह त्यांनाही सुटला नाही. स्पायडरमॅनचं 1987 साली लग्न लावलं आणि 20 वर्षांनी ते नको झालं. घटस्फोट दाखवला तर नायक वयस्क वाटेल म्हणे! म्हणून काय केलं, तर मरणाच्या दारातल्या मे काकूंना वाचवण्यासाठी त्यानं आपलं लग्न सैतानाला देऊन टाकलं. काकूंवर माझाही जीव आहे, पण संसार मोडायला सैतान बोलवावा लागतो, यातच सगळं आलं.

आता न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगायला हवी. 1986 साली जॉन बर्न यानं सुपरमॅन नव्यानं मांडला, तेव्हा त्याचे पृथ्वीवरचे आईबाप, जे आधीच्या कथेत तो मोठा व्हायच्या आतच वारले होते, ते जिवंत ठेवले. जग वाचवून दमलेला मुलगा रात्री गावाकडच्या स्वयंपाकघरात येऊन आईशी बोलत बसतो. हे सुख पाटी पुसल्याशिवाय मिळालं नसतं. लेखकाच्या मानेवर शेकडो अंकांचं जोखड असतं, तेही खरं. पण त्या एका चांगल्या घरासाठी बाकीची किती घरं पाडायची?

राहता राहिला नातवाचा प्रश्न : शिरायचं कुठून? अरे, कुठूनही! आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला तो रद्दीच्या दुकानातून. कव्हर गायब, पहिली दोन पानं शेंगदाण्याच्या पुडीत गेलेली. तरी पुढच्या पानावर आमचा घोडा आणि लांडगा तयारच असे. आणि त्या वेताळाच्या गोष्टीत वयाचा तोडगाही होता. 1936 साली ली फॉक यानं त्याला जन्म दिला तो एकविसावा वेताळ म्हणून! बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवी. जंगलातल्यांना वाटे, हा अमर आहे. वाचकाला ठाऊक असे, की गुहेत वीस थडगी आहेत. आम्हाला मागच्या वीस जणांची चरित्रं माहीत नव्हती, पण ती थडगी होती म्हणून एकविसाव्याला वजन होतं.

आणि मागची कथा सांगायची तर लागतं किती? ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी 2005 साली सुपरमॅनचा अख्खा पूर्वेतिहास एका पानात, चार चित्रं आणि आठ शब्दांत उरकला आणि लगेच गोष्टीला हात घातला. आमचे कीर्तनकार बुवा काय वेगळं करतात? उशिरा येऊन खांबाला टेकलेल्या आजीलाही दोन वाक्यांत आख्यानात ओढतात. तिच्यासाठी कुणी राम पुन्हा पहिल्यापासून जन्माला घालत नाही.

माझं मत विचाराल तर एवढंच : वही जरूर बदला, कुंकू लावा, बत्तासे वाटा. पण दुसरी ओळ लिहा. कारण बाकी कंपनीची नसते, वाचकाची असते. कुणीतरी चौदाव्या वर्षी त्या सुपरगर्लसाठी रडलेलं असतं. त्याला 'ती नव्हतीच' असं सांगणं म्हणजे उधारी बुडवणं.

हा निकाल मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. नातू म्हणाला, "ठीक आहे, पण मी सुरू कुठून करू ते सांगा." मी त्याला तो नाताळचा अंक शोधायला सांगितला. रात्री उशिरा तो खोलीच्या दारात आला. "आजोबा, ही कारा म्हणजे कोण?"

"बस," मी म्हटलं, "सांगतो."

आतून आमच्या हिचा आवाज आला, "त्याला सांगताय ते ठीक, पण सोमवारी गॅलरीतला पंखा दुरुस्त करून आणणार होतात, त्याचं काय?"

मी म्हटलं, "उद्यापासून नव्यानं सुरुवात करतो."

"करा," ती म्हणाली, "पण मागची बाकी लिहून ठेवलीय मी."