कवच, वीररस आणि जाहिरात

‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने वीर आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. क्रिकेटच्या सुरक्षासाधनांची जाहिरात याच विरोधाच्या पेचातून जन्माला येते. हेल्मेट विकायचे तर चेंडूचे भय जागवावे लागते. ज्या तरुणाला ते विकायचे त्याला मात्र भ्यालेले दिसायचे नसते. म्हणून ही जाहिरात-संहिता भयाचा उच्चार शक्यतो टाळते. जाळीआडची रोखलेली नजर, आवळलेले हातमोजे, पुढे सरसावलेला पवित्रा अशी तिची चिन्हे आहेत. कवच येथे रक्षणाचे साधन न उरता युद्धवेष बनते.

आपल्या परंपरेत हा पेच अधिकच तीव्र होतो. कर्ण थोर ठरतो तो कवचकुंडले उतरवून दिल्यामुळे. १९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीस प्राणघातक इजा झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. तरीही हेल्मेट रुळू लागण्यासाठी १९७७-७८ चे पॅकरचे सामने यावे लागले. उपयुक्तता सिद्ध होती. वीरप्रतिमेत तिला जागा नव्हती. पुढेही विव्हियन रिचर्ड्सचे दरारायुक्त रूप हेल्मेटविरहित मस्तकाचेच राहिले.

मराठी मनाजवळ मात्र आणखी एक आदिबंध आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. १६५९ च्या प्रतापगड-भेटीत अंगरख्याखाली चिलखत घालून जाणारा शिवाजी आपल्याला भित्रा वाटत नाही, सावध वाटतो. सावधपणा हाच तेथे पराक्रमाचा भाग असतो. पांढऱ्या हॅटखाली कवटीपुरते संरक्षक टोप घालणारे सुनील गावसकर याच कुळातले. परंतु दडवलेले कवच जाहिरातीच्या कामाचे नसते. तिला दिसणारी वस्तू हवी, आणि वस्तूवर नाव हवे.

सचिन तेंडुलकरच्या प्रतिमेत हा ताण एका वेगळ्याच हालचालीत मिटतो. शतक झाल्यावर हेल्मेट काढून तो आकाशाकडे पाहतो. हेल्मेटवरचा तिरंगा त्याला मुकुटाची प्रतिष्ठा देतो. पण नायकाचा क्षण असतो तो शिरस्त्राण उतरवण्याचाच.

या संहितेतील खरी उणीव अन्यत्र आहे. तिचा नायक नेहमी फलंदाज असतो. १९९८ साली ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे असलेले रमण लांबा चेंडू लागून दगावले. त्या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाला वीररसाचा आश्रय कोणी केलेले नाही. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनही मानेवर चेंडू बसून गेला. त्यानंतर मानेमागचे जोडकवच प्रचारात आले, परंतु मागची बाजू पोस्टरवर कशी दाखवणार? अखेर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने फलंदाजाच्या पुढ्यात जवळ उभ्या राहणाऱ्यांनाही हेल्मेट सक्तीचे केले. अनुनय थकला तेथे नियम आला.

जाता जाता एक नोंद. मैदानावरचा मुलगा जे साधन कधी विसरत नाही त्या एल-गार्डला जाहिरातीचे पाठबळ जवळजवळ नाहीच. एकदा लागलेला चेंडू आणि थोरल्या मुलांची थट्टा, एवढ्यावर त्याचा प्रसार झाला आहे.

जयपूरच्या जवाहरनगरात सध्या माझा मुक्काम आहे. संध्याकाळी सरावाहून परतणारी मुले स्कूटरवर दिसतात. पाठीवरच्या किटबॅगला हेल्मेट बाहेरून, नाव दिसेल असे अडकवलेले असते. स्कूटर चालवणाऱ्याचे डोके उघडे असते.