हरलेल्या डावाची बखर

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ एकट्याने खेळायला घेतला, तर शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर हवाई छत्रीने उतरतात आणि शेवटी एक उरतो. म्हणजे एका डावात नव्व्याण्णव हरतात. कुस्तीत किंवा बुद्धिबळात एक जिंकतो तेव्हा एकच हरतो. इथे हरणे हाच नेम आणि जिंकणे हा अपवाद. हा खेळ आणि त्याचा मूळ अवतार ‘पबजी’ यांवर आपल्याकडे जे लिहिले गेले, ते मात्र मुलांचे डोळे, झोप, अभ्यास आणि पैसा यांच्यापलीकडे फारसे गेले नाही. पैसे लावून खेळायच्या खेळांचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाही केला. या लेखाचा तो विषय नव्हे. हे खेळ हरलेल्या माणसाला त्याची हार कशी दाखवतात आणि त्या दाखवण्यातून त्याला काय शिकता येते, एवढेच मला तपासायचे आहे. त्यासाठी मी भोर-वेल्ह्याच्या इतिहासाचे कागद शेजारी ठेवणार आहे. या मुलखाने १६६५ साली एक मोठी हार सोसली, आणि तिच्याकडे पाहायला आपल्याला तीन निरनिराळ्या जागा मिळालेल्या आहेत.

आधी खेळ. ‘पबजी’ २०१७ साली संगणकावर आला, पुढच्या वर्षी मोबाइलवर. २ सप्टेंबर २०२० ला भारतात त्यावर बंदी आली. २०२१ च्या जुलैत तो नव्या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. या येण्याजाण्यात त्याचे खेळाडू काही कमी झाले नाहीत. भोरच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहणारी पोरे आडवा मोबाइल धरून बसलेली दिसतात, ती बहुधा यातच असतात.

या खेळात मेल्यावर पडद्यावर एक सोय येते. तुम्हाला मारणाऱ्याच्या डोळ्यांनी तुमचे शेवटचे काही क्षण पुन्हा दाखवले जातात. तो कुठे दबा धरून होता, तुम्ही त्याला कसे दिसत होता, त्याने नेम कधी धरला, सगळे समोर येते. एक वाचक म्हणून मला ही सोय विलक्षण वाटते. हरलेल्याला जिंकणाऱ्याची नजर उसनी मिळावी, तीही हरल्याच्या पुढच्याच मिनिटाला, हे याआधी कोणत्या लढाईत घडले असेल? तालमीत वस्ताद सांगतो, ‘तुझा पाय मागे राहिला’. पण ती वस्तादाची नजर असते, चीत करणाऱ्याची नव्हे.

आता या सोयीचे वैगुण्य पाहू. ती शेवटचे क्षण दाखवते, आणि हार बहुतेक वेळा त्या क्षणांत झालेली नसते. या खेळात सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते. बाहेर राहिला त्याची प्राणशक्ती गळू लागते. ज्याला उशिरा, उघड्या माळावरून धावत आत यावे लागते तो मरतोच. कोणाच्या गोळीने, हा तपशील झाला. त्याची खरी चूक दहा मिनिटांपूर्वीची असते. चांगल्या शस्त्रांच्या लोभाने तो वर्तुळाच्या कडेला रेंगाळला, गाडी शोधली नाही, सोबत्यांपासून तुटला. पडद्यावर मात्र त्याला फक्त गोळी दिसते. मग तो ठरवतो की आपला नेम कच्चा आहे आणि सराव मैदानात तासभर नेम धरत बसतो. पुढच्या डावात पुन्हा माळावर मरतो.

दुसरी वाट आणखी सोपी आहे. ‘रेंज गेली’, ‘समोरचा हॅकर होता’, ‘लपून मारले, मर्द असता तर समोर आला असता’. वेल्ह्याच्या खोऱ्यात डोंगराआड रेंज जाते हे खोटे नाही, आणि खेळात लबाडी करणारेही असतात. पण कारण खरे असले तरी ते उपयोगाचे असतेच असे नाही. रेंज जाणार हे माहीत असलेल्या खेळाडूने आपला डाव कसा रचायचा, हा प्रश्न त्या कारणात गडप होतो.

इथे मला आपले इतिहासलेखन आठवते. १६६५ च्या मार्चात मिर्झाराजे जयसिंह पुण्यात आले. मग सासवडला तळ पडला, पुरंदरला वेढा बसला, १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. भोरजवळचा रोहिडा गेलेल्यांत होता. राजगड आणि तोरणा राहिलेल्यांत. या हारीविषयी मराठी माणसाला काय ठाऊक असते? मुरारबाजी. निवडक सातशे माणसांनिशी तो गडाबाहेर तुटून पडला, दिलेरखानाने देऊ केलेला कौल त्याने नाकारला, आणि तो पडला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीला, राजारामांच्या पदरी असताना बखर लिहिली, तीत हा प्रसंग आहे आणि तो सुंदर आहे. त्यानंतर त्यावर पोवाडे, नाटके, धडे उभे राहिले. माझ्या मते ही पुरंदरची शेवटच्या क्षणांची चित्रफीत आहे. ती पाहून ऊर भरून येतो, पण पुरंदर का टिकला नाही ते कळत नाही. तहाला जावे हा निर्णय तर बखरीत थेट देवीच्या आज्ञेवर सोपवलेला आहे. बखरकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे काम निराळे होते, आणि तो ते करून मोकळा झाला. दोष द्यायचा तर तेवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला द्यावा लागेल.

दुसरी जागा भोर तालुक्यातल्या कारीची. जेध्यांच्या घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांमुळे अभ्यासकांपुढे आली. १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची ती तिथीवार जंत्री आहे. अलंकार नाही, शोक नाही. खेळाच्या शेवटी येणाऱ्या आकड्यांच्या फळीसारखी ती कोरडी आहे, म्हणूनच विश्वासाची. पण ‘का’ या प्रश्नाशी तिला देणेघेणे नाही.

तिसरी जागा शत्रूच्या छावणीतली. जयसिंहांचा मुन्शी उदयराज याने लिहिलेली पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या फारसी संग्रहात जमा झाली आहेत. जदुनाथ सरकारांनी त्यांचा भरपूर उपयोग केला, आणि सेतुमाधवराव पगडींसारख्यांनी मराठी वाचकाला मोगली साधनांकडे वळवले. ही पत्रे वाचताना आपण मारणाऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहू लागतो, आणि इथे चित्रफीत शेवटच्या क्षणांपुरती नाही. पहिला तोफगोळा सुटण्याआधीच जयसिंहांनी सिद्दी, पोर्तुगीज, कोकणच्या बाजूचे छोटे राजे, जावळीच्या मोऱ्यांचे आप्त, अफजलखानाचा मुलगा, असे शिवाजी महाराजांशी वैर असलेले एकूणएक लोक हेरून त्यांना आपल्याकडे वळवण्याचा घाट घातला होता. आधी कोकणात शिरायचे की आधी पुरंदर धरायचा, यावर खल करून त्यांनी पुरंदर धरला. आणि वेढा चालू असताना हलक्या फौजा मावळात सोडल्या. एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान रोहिड्याच्या परिसरात आला आणि सुमारे पन्नास गावे जाळली गेली. मग हीच धाड राजगडाच्या बाजूला वळली. म्हणजे गड गडाच्या जागी उभे होते आणि त्यांना पोसणारी खोरी पेटत होती. वर्तुळ आवळत आले होते. मुरारबाजीने काहीही केले असते तरी ते उलटे फिरले नसते.

महाराजांना ही पत्रे वाचायला मिळाली नव्हती. पण पुढच्या पाच वर्षांतली त्यांची पावले पाहता त्यांनी तो डाव समोरच्या बाजूने वाचला असावा, असे मला वाटते. बारा किल्ले राखून ते थांबले. आग्र्याहून सुटून आल्यावरही घाईने युद्ध पुकारले नाही. जवळजवळ तीन वर्षे मोगलांशी सलोखा ठेवला, घडी बसवली. शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांचे बिनसले तेव्हा उठले. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाणा, ८ मार्चला पुरंदर, जूनमध्ये रोहिडा. राजधानी राजगडाहून रायगडावर गेली त्यालाही अनेक कारणे होती. पायथ्याच्या खोऱ्यापर्यंत घोडदळ येऊ शकते ही आठवण त्यांत नसेल, हे मला पटत नाही.

खेळाकडे परत येताना एक भेद सांगितलाच पाहिजे. मोबाइलवरचा मेलेला गडी पुढच्या मिनिटाला नव्या विमानात बसतो. हार इतकी स्वस्त असल्यामुळे ती न पाहता पुढे जाता येते. चित्रफीत अर्ध्यात सोडून नवा डाव सुरू करण्याचे बटण तिथेच असते, आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीचे हित त्या बटणात आहे. याच्या उलट आइसलंडच्या कंपनीने २००३ साली काढलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशयुद्धाचा खेळ. तिथे बुडालेले जहाज परत मिळत नाही, पुन्हा कमवावे लागते. प्रत्येक बुडालेल्या जहाजाची पावती निघते. त्यावर कोणते सामान चढवले होते, कोणी किती घाव घातले, सगळे मांडलेले असते. त्या खेळातले जुने खेळाडू नवख्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की गमावणे झेपणार नाही असे जहाज घेऊन बाहेर पडू नये. हारीला किंमत आहे म्हणून तिथे पावती वाचली जाते. रोहिड्याखालच्या गावांनी मोजलेली किंमत मात्र यातल्या कोणत्याच खेळात नाही. ती घरे जळाली ती जळालीच. ही तुलना तेवढ्या अंतरावरूनच करायची.

भोर-वेल्ह्यातल्या पोरांना मी काही सांगावे असे नाही. मोबाइलमध्ये सगळा डाव टिपून ठेवता येतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक आहे. चार सोबत्यांनी बसून तो शेवटापासून नव्हे तर छत्री उघडल्यापासून पाहिला, तर ते जे करतील त्याला मी निःशंकपणे समीक्षा म्हणेन.

जिंकणाऱ्याचे काय, हेही त्याच ‘हफ्त अंजुमन’च्या काळात दिसते. पुरंदर जिंकल्यावर सहा महिन्यांच्या आत जयसिंह विजापुरावर निघाले. विजापूरही तसेच हाताशी येईल या भरवशावर वेढ्याच्या मोठ्या तोफा त्यांनी परांड्याला मागे ठेवल्या. विजापूरकरांनी भोवतालच्या विहिरी बुजवल्या होत्या, रान उजाड केले होते. जानेवारी १६६६ मध्ये शहराच्या जवळून फौज माघारी फिरली. पुढच्या वर्षी दख्खनचा सुभा शहजाद्याकडे गेला, आणि उत्तरेकडे परतताना २८ ऑगस्ट १६६७ ला बुऱ्हाणपुरास मिर्झाराजे वारले.