भरून पावले : घरखर्चाचा हिशेब आणि दोन आत्मकथने

आमच्या जालना जिल्ह्यात अम्मी-अब्बांचा पैशावरून खटका बहुधा दोन वेळी उडतो : कापूस विकून पैसे हाती आले की, आणि ईदच्या आधी. उधारी किती फेडायची, कपडे किती घ्यायचे? मुले दाराआडून सारे ऐकतात. माझ्या वर्गातल्या मुलांना ही भांडणे धड्यांपेक्षा जास्त पाठ असतात. आपण वाचक मात्र पुस्तकात असा प्रसंग आला की 'बायकांची कुरकुर' म्हणून पान उलटतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' (1934-36) पाहा. रेव्हरंड टिळकांचा हात इतका सैल की आलेला पैसा घरात टिकत नसे. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण त्या विनोदाखाली एक जमाखर्च आहे. दानाचे पुण्य टिळकांच्या नावावर जमा होते आणि ओढाताण बाईंच्या नावे पडते.

मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (1995) हे आपल्याला अधिक जवळचे. हमीदभाईंच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. तो वाद येथे नको. ते पूर्णवेळ कार्यात उतरले, तेव्हा दोन मुलींचा संसार मेहरुन्निसांच्या नोकरीवर चालला. आपण हे पुस्तक हमीदभाईंना शोधण्यासाठी वाचतो. बाईंचा पगार शोधत ते कोण वाचते? शीर्षकच पाहा. 'भरून पावले' म्हणजे कृतार्थ झाले. पण जुन्या मराठी पावतीवरही हेच शब्द असत : रक्कम भरून पावली. पावती येणे घेणारा देतो. येथे तर जिने आयुष्यभर दिले, तीच पावती लिहून देते. मला हे शीर्षक मोठे वाटते आणि बोचतेही.

शरीअतमध्ये घरखर्चाची जबाबदारी पतीची आहे आणि पत्नीची कमाई तिची स्वतःची. ती घरात खर्च करते तेव्हा तो तिचा एहसान असतो, तिच्यावरचे कर्ज नव्हे. सहीह बुखारीत हजरत हिंद (र.) यांची हकीकत आहे. पती अबू सुफियान मला आणि मुलांना पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी प्रेषितांकडे (स.) केली. प्रेषितांनी त्यांना कुरकुरी म्हटले नाही. रीतीप्रमाणे पुरेल तेवढे घेण्याची मुभा दिली. म्हणजे तक्रार ऐकण्याजोगी होती.

मीही नोकरी करते. पगार माझा, पण माझे पासबुक दुसऱ्याच्या कपाटात का, हे विचारायला मला सात वर्षे लागली. विचारले त्या दिवशी घरात भांडण झाले. रक्कम किती, हा मुद्दाच नव्हता. मी विचारले, हे खुपले होते.

म्हणून समीक्षकांना विनंती, आपल्या लेखिकांच्या आत्मकथनांत पतीचे मोठेपण जरूर शोधा. पण त्या मोठेपणाचा खर्च कोणी उचलला, तेही एकदा मोजा. दाराआडची मुले तो हिशेब कधीच शिकलेली असतात.